भात, मासे आणि नारळ ताटात ठेवूनच वजन कसं सांभाळावं

सहा वर्षांपूर्वी माझं वजन ७१ किलो होतं. उंची १५६ सेंटिमीटर. पाखाडी, म्हणजे गावातली दगडी पायऱ्यांची वाट, चढताना मध्येच थांबावं लागायचं आणि गुडघे रात्री झोपू द्यायचे नाहीत. शहरातल्या एका आहारतज्ज्ञांकडून तक्ता आणला. भात बंद, नारळ बंद, तळलेलं बंद. सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके, रात्री सूप. दोन महिने नेटाने पाळला आणि पाच किलो उतरलेही. मग गणपती आले, घर चाकरमान्यांनी भरलं, आणि दिवाळीपर्यंत सहा किलो परत आले. त्या दोन महिन्यांत मी घरच्यांसोबत एकदाही नीट जेवले नव्हते, हे मला आजही लागतं.

त्यानंतर मी सासूबाईंच्या जेवणाकडे नीट पाहिलं. तिन्ही त्रिकाळ भात आणि मासे खाऊन त्या आयुष्यभर सडसडीत राहिल्या. त्यांच्या तरुणपणी नारळ हा विकायचा माल होता. झाडावरून उतरलेले नारळ बाजारात जायचे आणि घरात आठ माणसांच्या आमटीला एक नारळ पुरायचा. मी चार माणसांना एक फोडत होते. तेल तेव्हा पावशेराच्या बाटलीतून यायचं, माझ्याकडे पाच लिटरचा डबा. त्या विहिरीचं पाणी ओढायच्या, लावणीला वाकायच्या, बाजाराला चालत जायच्या. माझ्या घरी पंप आणि दारात स्कूटर. कोकणचं जेवण तेच राहिलं, त्यातली मापं वाढली आणि अंगमेहनत गेली. सणाचं जेवण आम्ही रोज जेवायला लागलो. मी मापं पूर्वीच्या जागी आणली आणि पायांना काम दिलं. मधला एखादा चढउतार सोडला तर आता चार वर्षं माझं वजन ६१ ते ६२ किलोच्या मध्ये आहे, आणि भात मी रोज खाते. ते कसं जमलं, ते क्रमाने लिहिते.

आधी टेप, मग काटा

शिंप्याची टेप घ्या. सकाळी, काही खाण्याआधी, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून घेर मोजा. पोट आत ओढू नका. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर असेल तर पोटात चरबी साठली आहे असं समजा. आपल्याकडच्या लोकांच्या हातापायांवर मांस दिसत नाही, चरबी पोटातच बसते आणि मधुमेह तिथूनच मागे लागतो. म्हणून मी काट्यापेक्षा टेपला जास्त मानते.

मग वजन. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, आणि किलोतल्या वजनाला त्या आकड्याने भागा. हाच बीएमआय. भारतीयांसाठी १८.५ ते २३ ठीक, २३ च्या वर जास्त, २५ च्या वर स्थूलपणा. उंची १६० सेंटिमीटर असेल तर १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६. म्हणजे त्या उंचीला साधारण ४७ ते ५९ किलो वजन योग्य. होडीवर जाळी ओढणाऱ्या माणसाच्या अंगात स्नायू भरपूर असतात, त्याचा बीएमआय जास्त दिसेल. त्याने कमरेचा घेरच धरावा.

आता लक्ष्य. शंभर दिवसांत वीस किलो असल्या नादाला लागू नका. आहे त्या वजनाच्या पाच टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक पडायला लागतो. ७० किलोच्या माणसाला ते साडेतीन किलो. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे. माझा तर त्याहून कितीतरी मंद होता. दहा किलो उतरायला दोन वर्षं गेली.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवायच्या मागे लागू नये. किडनीचा आजार असेल तर खाली लिहिलेली डाळी-माशांची मापंही डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि काही न करता वजन आपोआप घटत असेल तर खूश न होता तपासणी करून घ्या. क्षय, थायरॉईड, मधुमेह, काहीही निघू शकतं.

सात दिवस वही

काहीही न बदलता आठवडाभर फक्त लिहा. तोंडात गेलं ते सगळं, अगदी मुलाच्या ताटात उरलेला अर्धा वडासुद्धा. पहिल्या दोन दिवसांत लाज वाटते, मग सवय होते. घरातल्या बायकांचं बरंचसं खाणं ताटावर होतच नाही. चव बघताना, डबा भरताना, उरलेलं वाया जाऊ नये म्हणून, असं ते होतं. माझ्या वहीत चार गोष्टी निघाल्या: नारळाचं वाटप (आमटीत घालायचं खोबऱ्याचं वाटण), तळणीचं तेल, दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात आणि चहा. तुमच्या वहीत वेगळं निघेल. कुणाचं दुखणं फरसाणाच्या पुडीत असतं, कुणाचं संध्याकाळच्या बैठकीत. वहीत जे निघेल तिथूनच सुरुवात करा, सगळं एका दिवशी बदलायला जाऊ नका.

नारळ

नारळ सोडायचा नाही. पण त्याचा हिशोब एकदा डोळ्यांनी बघायचा. मी आमच्या झाडाचा एक मध्यम नारळ खवून वजन केलं, २४० ग्रॅम खोबरं भरलं. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी, कारण त्यातला तिसरा हिस्सा चरबीच असतो. म्हणजे एका नारळात साडेआठशे-नऊशे कॅलरी. चौघांत वाटला तर माणशी दोनशेच्या वर, आणि हे फक्त वाटपाचं. भात, मासा, तेल वेगळं. त्यातली बहुतेक चरबी संपृक्त असते, ती कोलेस्टेरॉल वाढवते. खोबरेल तेलाचे कितीही गोडवे गायले तरी हे बदलत नाही.

आमच्या घरी आता चार माणसांना दिवसाला अर्धी कवड. त्यात चव कशी राखायची?

एक, वाटपात खोबरं कमी केलं की दाटपणा जातो. तो कांद्याने आणा. दोन मध्यम कांदे उभे चिरून, थोडं तेल लावून बिडाच्या तव्यावर काळपट होईपर्यंत भाजा आणि खोबऱ्याबरोबर वाटा. धणे, मिरी, बडीशेप कोरडी भाजून घातलीत तर कमी खोबऱ्याचं वाटप ओळखूही येत नाही. खोबरं मात्र चांगलं तांबूस भाजा. भाजलेलं अर्धं खोबरं कच्च्या पूर्ण खोबऱ्याएवढं बोलतं.

दोन, आठवड्यातले दोन-तीन दिवस बिनवाटपाचे ठेवा. हे काही नवीन नाही. बांगड्याचं तिखलं घ्या. मिरचीपूड, हळद, लसूण, आमसुलं आणि ठेचलेली तिरफळं, एवढ्यावर ते होतं. माझ्या लेखी तिरफळाचा वास आला की नारळाची आठवणही होत नाही.

तीन, सोलकढी. दाट पहिलं दूध सणाच्या सोलकढीला. रोजच्याला त्याच खोबऱ्याचं दुसरं-तिसरं पातळ दूध पुरतं. त्याहून हलकी फुटी कढी, तिच्यात नारळ नसतोच. चार वाट्या पाण्यात आठ-दहा आमसुलं अर्धा तास भिजवा, कुस्करून गाळा. लसणीच्या चार पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून घाला, जिरं-हिंगाची चमचाभर तेलाची फोडणी द्या, वर कोथिंबीर. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर मीठ घालण्याआधी चव बघा, आगळात ते आधीच भरपूर असतं. आमसुलाने चरबी वितळते अशी जाहिरात दिसते. त्यासाठी गोळ्या-पावडरी विकत घेऊ नका. फुटी कढी प्यायची ती तोंडाला चव येते आणि पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून.

तेलाच्या डब्यावर तारीख

सर्वांत सोपं आणि सर्वांत उपयोगी काम हेच. तेलाचा डबा उघडला की त्यावर तारीख लिहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरीच्या जेवणाला दिवसाकाठी २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर. आपल्याकडे नारळाची चरबी वरून येते, म्हणून मी अडीच लिटरची मर्यादा घालून घेतली. आधी आमच्याकडे पाच लिटरचा डबा पंचवीस दिवसांत संपायचा. आता जवळजवळ दोन महिने पुरतो. एक लिटर तेलात आठ हजारांच्या वर कॅलरी असतात. आता सांगा, कमरेचा घेर कुठून आला असेल?

डब्यातून थेट कढईत ओतणं बंद करा. छोटी बुधली आणि एक चहाचा चमचा चुलीशेजारी ठेवा. पोहे चार माणसांचे, चार चमचे. पालेभाजी, दोन. आणि तळलेल्या तेलात पुन्हा तळायची वेळ येऊ नये एवढंच तेल कढईत घ्या.

मासा हे आपलं मोठं धन

डाएट म्हटलं की लोक मासा सोडून पनीर शोधायला लागतात, याचं मला फार वाईट वाटतं. शंभर ग्रॅम माशात साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळतात. प्रथिनं नीट मिळाली की चार वाजता भूक लागत नाही, आणि वजन उतरताना अंगातले स्नायू टिकतात. बांगडा, तारली, पेडवे यांत ओमेगा-३ ही हृदयाला चांगली चरबी असते आणि हे मासे सुरमई-पापलेटच्या मानाने स्वस्तही. रोजच्याला तेच आणा. सुरमई पाहुण्यांच्या दिवशी.

अडचण माशाची नाही, त्याला चढवलेल्या रव्याच्या कोटाची आहे. रवा आणि तांदळाचं पीठ तेल पितं. तळणीऐवजी आमच्याकडे असं करतो:

बांगड्याला तिरक्या चिरा द्या. आगळ, हळद, मालवणी मसाला, लसणीची पेस्ट लावून अर्धा तास ठेवा. पिठात न बुडवता वरून फक्त चिमूटभर तांदळाचं पीठ भुरभुरा. बिडाचा तवा चांगला तापला की दोन चमचे तेल सगळीकडे फिरवा, मासे ठेवा आणि तीन-चार मिनिटं हातही लावू नका. मासा स्वतःहून तवा सोडतो. मग उलटा, झाकण ठेवा, आच मंद करा. बांगड्याची स्वतःची चरबी सुटते, तो त्यातच खरपूस होतो. केळीच्या पानात बांधून तव्यावर भाजलात तर एक चमचाही पुरे.

बोंबलाला हे चालत नाही, त्यात पाणीच जास्त. मधून चिरून, दोन फडक्यांमध्ये पसरून, वर पाटा ठेवून तासभर दाबा. पाणी गेलं की कमी तेलात कुरकुरीत होतो. तरी बोंबील तळलेलाच खावा असं माझं प्रामाणिक मत आहे. म्हणून तो आठवड्यातून एकदा, आणि त्या दिवशी आमटी बिनवाटपाची.

तिसऱ्या, कोळंबी, खेकडे यांत चरबी फारच कमी असते. सगळा भार त्यांच्याबरोबरच्या सुक्यात पडणाऱ्या खोबऱ्याचा. तिथे वर सांगितलेली कांद्याची युक्ती चालते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत घरात सुकट, सोडे, सुके बोंबील निघतात. त्यांतलं मीठ सांभाळा. कोमट पाण्यातून दोनदा धुवून घ्या, आणि त्या भाजीत वेगळं मीठ घालू नका. दिवसाचं मीठ माणशी ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक चहाचा चमचा. पावसाळ्यात लोणचं, पापड आणि सुका मासा एकाच ताटात येतात, तेव्हा ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते.

याच दिवसांत कुळीथ आपला खरा आधार. कुळथात शंभरात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. चौघांच्या पिठीला सहा चमचे पीठ पाच वाट्या पाण्यात गुठळी न होता कालवायचं, लसूण-मिरचीची दोन चमचे तेलाची फोडणी, दोन आमसुलं, आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. भाताबरोबर गरम पिठी आणि बाजूला भाजलेला सुका बांगडा. यापेक्षा चांगलं पावसाळी जेवण मला माहीत नाही.

भात किती, आणि कधी

एक वाटी शिजलेला भात, साधारण १२० ग्रॅम, म्हणजे १५० ते १६० कॅलरी. दोन वाट्यांनी कुणाचं वजन वाढत नाही. पण आपण वाटीने वाढत नाही, भातवाडीने वाढतो, आणि "थोडो घे गो आजून" म्हणत तिसऱ्यांदा. एक ठरलेली वाटी भाताच्या भांड्यात ठेवून द्या. त्याच वाटीने वाढा, दुपारी दोन, रात्री एक. अंगमेहनतीचं काम असेल त्याने तीन घ्याव्यात. शेतावरून आलेल्या माणसाला आणि दुकानात बसणाऱ्याला एकच माप लावू नका.

क्रमही बदलून बघा. आधी भाजी आणि मासा, फुटी कढीचे घोट, मग भात. पोट भरल्याचा निरोप डोक्याला पोचायला वीसेक मिनिटं लागतात. भाताने सुरुवात केली तर तोवर तीन वाट्या संपलेल्या असतात. मावशीकडे पहिल्यांदा असं जेवले तेव्हा ती घाबरली, "इतकोच भात? तुका बरा नाय काय?" म्हटलं, "बरा आसा गो, आधी मासो खातंय, मगे भात." आता तीही तसंच जेवते.

भाकरीबद्दल एक गैरसमज आहे. नाचणीच्या पिठात आणि तांदळाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. नाचणीची भाकरी म्हणून चार खाल्ल्या तर वजन वाढणारच. तिच्यात तंतू जास्त, म्हणून एका भाकरीत पोट धरतं, आणि कॅल्शियम १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर, जे चाळिशीपुढच्या बायकांना हवंच असतं. रात्री एक नाचणीची भाकरी आणि पालेभाजी हे जेवण मला अंगी लागलं.

सकाळी उकड्या तांदळाची पेज. मूठभर तांदळात वाटगाभर पेज होते, गरम असते, सावकाश प्यावी लागते. तिच्याबरोबर उकडलेलं अंडं किंवा मुगाची उसळ घ्या, म्हणजे दुपारपर्यंत निभतं. नुसती पेज-लोणचं घेतलं तर अकराला खारीचा पुडा उघडला जातो.

ताटाचा हिरवा कोपरा

हा कोपरा आपल्याकडे सर्वांत दुबळा. मासे असले की भाजी कशाला, असं म्हणतात. अर्धं ताट भाजीचं असावं, निदान पाव तरी. आषाढात परसात टाकळा उगवतो, आठळ्या घालून करा. शेवग्याचा पाला, कुर्डू, भारंगी, अळूचं फदफदं. उन्हाळ्यात कोवळ्या फणसाची भाजी. बाजारात पैसे देऊनही मिळणार नाही इतकं ताजं दारात फुकट असतं. फक्त रानातलं अळंबं जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय घरात आणू नका.

चहा, खारी आणि रंगीत बाटल्या

दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम. दिवसाची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी. मी चहा कमी केला नाही. दर पंधरवड्याला अर्धा चमचा साखर कमी केली, दीड महिन्यात अर्ध्या चमच्यावर आले. खारी-टोस्टच्या जागी भाजलेले चणे, उकडलेल्या शेंगा किंवा पोह्याचा भाजका पापड.

कोकम सरबताची बाटली म्हणजे साखरेचा पाक असतो, घरचं अमृत कोकम असलं तरी. उन्हातून आल्यावर आगळ, पाणी, जिरेपूड, चवीपुरता गूळ, एवढं पुरतं. शहाळं चालेल, दिवसाला एक. बियरच्या मोठ्या बाटलीत अडीचशेच्या वर कॅलरी, आणि बरोबरच्या चकण्यात त्याहून जास्त. पुरुषांच्या वहीत हेच पान सर्वांत जाड निघतं. हे ज्याने त्याने स्वतः मोजावं.

आंबा, फणस, काजू

देवगडच्या माणसाला आंबा खाऊ नको म्हणणं हे पाप आहे. मध्यम हापूसचा गर दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम, कॅलरी साधारण शंभर. एक आंबा म्हणजे एवढंच. भानगड रसाची. एका वाटी रसात दोन आंबे, त्यात साखर, बरोबर पुऱ्या. माझा नियम असा: दिवसाला एक आंबा, चिरून, दुपारच्या जेवणात एक वाटी भात कमी करून. रस-पुरी मोसमात चार वेळा, ठरवून, सगळ्यांबरोबर. मधुमेह असेल तर अर्धा आंबा, जेवणाच्या शेवटी, आणि साखर तपासत.

फणसाचे चार-पाच गरे, वाटीभर. ओल्या काजूची उसळ मोसमात मनसोक्त नाही, पण मनापासून खा, रात्रीचा भात सोडून. सुके काजू मोजून दहा. डबा टीव्हीसमोर आणू नका.

सण आणि आग्रह

वर्षातले खरे सणाचे दिवस मोजा. गणपतीचे मुख्य दोन-तीन, गौरीचा एक, नारळी पौर्णिमा, दिवाळीचे दोन, शिमग्यात पालखी घरी येते तो, गावची जत्रा, घरची दोन-चार लग्नं. दहा ते तेरा दिवस. त्या दिवशी मोदक गरम खावा, वर तुपाची धार घ्यावी आणि मनात हिशोब ठेवू नये. तीन मोदक खायचे तर त्या दिवशी भात नको, हे आपलं पोटच सांगतं. राखायचे ते उरलेले दिवस: मोदकांचं सारण उरलं म्हणून चौथ्या दिवशी केलेली करंजी, आणि जत्रेतून आणलेला किलोभर मालवणी खाजा, जो महिनाभर येता-जाता तोंडात जातो. पाव किलो आणा, त्या रात्री दशावतार बघताना सगळ्यांनी मिळून संपवा.

कोंबडी-वडे रविवारचा नियम झालेत. वडे महिन्यातून एकदा, बाकीच्या रविवारी सागोतीबरोबर, म्हणजे कोंबडीच्या रश्शाबरोबर, घावणे किंवा आंबोळी. वडे असतील त्या दिवशी तीन वडे आणि भात नाही. रस्सा आधीच करून थंड केला की वर तेल जमतं, ते पळीने काढता येतं.

उपासाला साबुदाण्याची खिचडी रोजच्या जेवणापेक्षा जड पडते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, वर दाण्याचा कूट आणि तूप. वरीचे तांदूळ ताकाबरोबर, उकडलेलं रताळं, वेलची केळं यांवर श्रावणी सोमवार छान निघतो.

आग्रहाला "डाएट आहे" म्हणू नका, वाढणारी दुखावते. जे सर्वांत आवडलं ते मागून घ्या. "वहिनी, भात नको, पण कढी आणखी वाढा." वाढणारीचा मान राहतो, आणि आपलं मापही.

पाय

आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि दोन दिवस ताकदीचं काम. गावात हे जिममध्ये जाऊन करायची गरज नाही. बंदरावरून सड्यावर जाणारी पाखाडी रोज एकदा चढा. वाळूत चालणार असाल तर ओल्या, घट्ट वाळूवर चाला, कोरड्या वाळूत गुडघ्याला पीळ बसतो. ताकदीसाठी पाटावरून हात न टेकता उठणं दहा वेळा, पाण्याच्या दोन बादल्या दोन हातांत घेऊन अंगणाला फेऱ्या. पावसात शेवाळलेल्या चिऱ्यावर मात्र चालायला जाऊ नका. आमच्या वाडीत त्याने दोघींचे हात मोडले. जून ते सप्टेंबर मी पडवीत येरझाऱ्या घालते, वीस मिनिटं सकाळी, वीस रात्री जेवणानंतर.

घरातलं बारीक माणूस

एकाच घरात सुनेचं वजन जास्त आणि सासऱ्यांचा बीएमआय १८.५ च्या खाली, असं कोकणात फार दिसतं. म्हाताऱ्या माणसाचं ताट हलकं करू नका. त्यांच्या पेजेत खोबऱ्याचं दाट दूध घाला, रोज एक अंडं, माशाचा मऊ काटे काढलेला तुकडा, दुपारी केळं. वाटप एकच असलं तरी त्यांच्या वाटीत पळीभर जास्त घालता येतं.

काटा वर गेला तर

वजन आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, सकाळी, पोट साफ झाल्यावर. मी सोमवारी करते. किलोभराचा चढउतार पाण्याचा आणि मिठाचा असतो, सुक्या माशाच्या जेवणानंतर किंवा पाळीच्या आधी तो हमखास येतो. तीन सोमवार सलग वजन वर राहिलं तरच मी हालचाल करते. जेवण तोडत नाही, पुन्हा सात दिवस वही लिहिते, आणि आधी तेलाच्या डब्यावरची तारीख बघते. गेल्या भाद्रपदानंतर दीड किलो वाढलं होतं. डब्यावरच्या तारखेने दाखवलं, महिन्याभरात चार लिटर संपलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पेज, दुपारी तिखलं, रात्री भाकरी आणि पालेभाजी. कार्तिकात काटा पुन्हा ६२ च्या खाली आला.